दप्तर आणि पिस्तूल

आमच्या सातारा-सांगलीकडे शस्त्रनियंत्रणाचा विषय निघाला कीं, एक उत्तर हटकून मिळतें. ही वीरांची भूमि. येथें बंदुकीवर निर्बंध घालणें म्हणजे 1878 चा इंग्रजी कायदा पुन्हा आणणें होय! या आक्षेपामागें इतिहास आहे, हें आम्ही मान्य करतों. 1943 सालीं शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटणारे तुफान सेनेचे तरुण याच मातींतले. परंतु त्यांच्यापुढें परकी सत्ता होती. आज ज्या पिस्तुलाविषयीं आम्ही लिहीत आहोंत, त्याच्यापुढें वर्गांतलें पोर उभें आहे.

हा बागुलबोवा नव्हे. 2007 च्या डिसेंबरांत गुडगांवच्या एका शाळेंत दोघां विद्यार्थ्यांनीं आपल्या 14 वर्षांच्या वर्गबंधूस गोळ्या घालून ठार केलें. पिस्तूल एकाच्या बापाचें होतें. 2024 च्या जुलैअखेर बिहारांत सुपौल येथें बालवर्गांतील मुलाच्या दप्तरांतून पिस्तूल शाळेंत आलें, आणि 10 वर्षांचा एक विद्यार्थी जखमी झाला. गुडगांवांत द्वेष होता म्हणावें, तर सुपौलच्या त्या बालकापाशीं कोणता द्वेष शोधावयाचा?

'बंदूक मारीत नाहीं, माणूस मारतो,' हें वचन अमेरिकेंत फार लोकप्रिय आहे. तेथें 2012 सालीं सँडी हुकच्या शाळेंत 20 मुलें व 6 मोठीं माणसें मारलीं गेलीं. 2022 सालीं युवाल्डी येथें 19 मुलें व 2 शिक्षिका. ब्रिटनमध्यें 1996 सालीं डनब्लेनच्या शाळेंत 16 बालकें व त्यांची शिक्षिका बळी पडलीं. पुढच्याच वर्षीं खाजगी पिस्तुलांवर बंदी आली, आणि तसें हत्याकांड तेथील शाळांत पुन्हा घडलें नाहीं. माणसें दोन्हीकडे सारखींच. भेद कायद्याचा आहे.

वीरभूमीचाच दाखला हवा असेल, तर अपशिंग्यास जावें. पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणाऱ्या त्या गांवीं जवान रजेवर येतो, तेव्हां त्याची रायफल पलटणीच्या शस्त्रागारांत राहते. तो रिकाम्या हातांनीं आईच्या पायां पडतो. शस्त्रविद्या शिकलेल्याचें शस्त्र कुलुपांत, आणि वरातींत मिरविणाऱ्याचें उशाखालीं, हा न्याय कोठला?

1959 च्या कायद्यांत 2019 सालीं दुरुस्ती होऊन परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आली, हें ठीक झालें. परंतु परवान्याची अट मोडल्यास शिक्षा काय, तर फार तर 6 महिने कैद, किंवा 2,000 रुपये दंड, किंवा दोन्ही! आमचें मागणें असें: परवान्यापूर्वीं घरांतील कपाट अधिकाऱ्यानें स्वतः पाहावें, गोळ्या वेगळ्या कुलुपांत असाव्यात, मुलाच्या हातीं शस्त्र लागल्यास परवाना कायमचा जावा व मालकास जबर शिक्षा व्हावी. गांवठी कट्टे परवान्यावांचूनच मिळतात, असें कोणी म्हणेल. खरें आहे, त्यांचा बंदोबस्त पोलिसांनीं करावाच. पण गांवांत चोर आहेत, म्हणून आपलें दार सताड उघडें ठेवणारा गृहस्थ आम्हीं अजून पाहिला नाहीं.

वर्गांत हजेरी घेतांना एखाद्या नांवास उत्तर आलें नाहीं, तर मुलगा आजारी असेल, शेतावर गेला असेल, फार तर सिनेमास गेला असेल, एवढेंच आमच्या मनांत येतें. आमच्यामागून हजेरी घेणाऱ्यांच्या मनांतही एवढेंच यावें, म्हणून हा खटाटोप.