आधी वाय-फायचे विचारा

भोरच्या सेवा केंद्रात माणूस कागद घेऊन येतो, तेव्हा तो कागद बहुधा त्याच्या मोबाईलमध्येच असतो. कुठे, ते मात्र त्याला सांगता येत नाही. पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला सातबारा, गॅलरीत आडवा काढलेला आधारचा फोटो, पुण्यातल्या मुलाने उघडून दिलेले जीमेल. केंद्रचालक स्क्रीन सरकवत बसतो आणि मागे रांग वाढते.

घोळ सुरू होतो तो ‘क्लाउडवर आहे’ या भरवशातून. सिंकचे काम सगळीकडे सारखेपणा राखण्याचे. बापलेक एकच खाते दोन मोबाईलवर वापरत असतील आणि गावाकडे वडिलांनी ‘मोबाईल भरला’ म्हणून गूगल फोटोजमधून चित्रे खोडली, तर सिंक ते खोडणेही इमानेइतबारे पुण्याला पोचवते. त्याच ॲपमध्ये जागा मोकळी करण्याची वेगळी सोय आहे. ती क्लाउडवर गेलेल्या चित्रांची फक्त मोबाईलमधली प्रत काढते. हा फरक गिऱ्हाइकाला दाखवायला दोन मिनिटे लागतात. क्लाउडवर गेलेले चित्र खोडले तर कचरापेटीत 60 दिवस सापडते, ड्राइव्हमधली फाइल 30 दिवस. पुढे हात चोळत बसायचे.

शेजारच्या वेल्हे तालुक्याच्या खोऱ्यांत आणखी एक पेच आहे. फोटोंचा बॅकअप बहुतेक मोबाईलवर फक्त वाय-फायवर चालेल असा ठेवलेला असतो. घरात वाय-फायच नाही, मोबाईल डेटा तेवढा आहे, म्हणजे बॅकअप ‘चालू’ दिसतो आणि महिनोन्‌महिने एकही चित्र वर जात नाही. त्यात बॅटरी सेव्हर लावलेला असला, तर पाहायलाच नको. केंद्रचालकाने खाते उघडून शेवटचा बॅकअप कधी झाला ते वाचावे. चालू-बंदच्या बटणावर जाऊ नये.

शेतकऱ्याने मोबाईलवरून स्वतःच पिकाची नोंद करायची, अशा 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने हाच धडा बांधावर नेला. शेतात रेंज नसली तरी माहिती आणि पिकाचा फोटो मोबाईलमध्ये साठवता येतो. अपलोड रेंजमध्ये आल्यावर करायचे. फोटो निघाला म्हणजे नोंद झाली, असे धरून चालणाऱ्याचे काम मात्र अर्धवटच राहते.

फुकटच्या जागेचेही तसेच. गूगलचे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. जागा भरली की नवी ईमेल येणेही थांबते, आणि अर्जाची पोच त्याच पत्त्यावर यायची असते. नावांचा घोळ वेगळाच: तालुका वेल्ह्याचा राजगड झाला, त्यामुळे जुन्या फाइलींवर एक नाव, नव्यांवर दुसरे. फाइलीचे नाव गट नंबर आणि वर्षावरून ठेवले, तर शोधायला सोपे.

राहता राहिला केंद्राचा स्वतःचा मोबाईल. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली आधार कार्डे त्याच्या गॅलरीत उतरतात आणि त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल, तर थेट चालकाच्या खासगी खात्यात जातात. मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी परक्याचा पॅन. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्येच झाला आहे. केंद्राच्या व्हॉट्सॲपला वेगळा मोबाईल ठेवावा, त्यावर गॅलरीत आपोआप साठवणे बंद करावे आणि काम झाले की गिऱ्हाइकासमोरच त्याची कागदपत्रे चॅटमधूनही काढून टाकावीत.