विचारणं म्हणजे बदनामी नव्हे

जरा लांब लिहितोय, पण गावातल्या प्रत्येक पालकाने शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मागच्या महिन्यात आपल्या शाळेच्या पालक ग्रुपवर एका ताईंनी एक साधा प्रश्न टाकला होता. "मधल्या सुट्टीत वर्गांच्या मागच्या बाजूला एक माणूस फिरताना दिसतो. तो कोण आहे? कुणाला विचारून येतो?" बस, एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही.

त्यावर काय उत्तरं आली ती बऱ्याच जणांनी वाचली आहेत. "पुरावा आहे का ताई?" "शाळेची बदनामी करू नका, आधीच पट कमी आहे." एकाने तर लिहिलं, "तुमचं इंग्लिश मीडियमचं ठरलेलं दिसतंय, त्यासाठी बहाणा कशाला?" त्याला अकरा अंगठे आले. रात्री ताईंनी मेसेज डिलीट केला. दुसऱ्या दिवशी पारावर त्यांच्या नवऱ्याला ऐकवलं गेलं, "बायकोला जरा आवर." आता त्यांची मुलगी रोज सकाळी सातच्या गाडीने तालुक्याला शाळेत जाते. पट कमी होऊ नये म्हणून गप्प बसवलं आणि त्यातच पटावरचं एक नाव गेलं.

तो माणूस पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला आलेल्या ठेकेदाराचा निघाला. म्हणजे वावगं काही नव्हतं, म्हणून विषय संपला म्हणतात. माझ्या मते विषय तिथेच सुरू होतो. हे एवढं उत्तर मिळायला तीन आठवडे लागले. शाळेच्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही असती तर पाच मिनिटांत मिळालं असतं. ताईंचा प्रश्न बरोबर होता. तो माणूस भला निघाला म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही.

आणि मी? मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. मेसेज वाचला, उत्तरं वाचली आणि फोन उलटा करून ठेवला. ही पोस्ट त्याची भरपाई समजा.

बदलापूर आठवतंय ना? ऑगस्ट २०२४. शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचं प्रकरण. पालकांना तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद पडल्या. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा आपल्या गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला मेणबत्ती होती. लोक रुळांवर का गेले याचा विचार कुणी केला का? साधेपणाने विचारायची जागा बंद झाली की माणूस रस्त्यावर येतो. आणि ती जागा आपणही आपल्या ग्रुपवर अशीच बंद केली.

त्या आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. ही समिती तर २०२२ पासूनच प्रत्येक शाळेत असायला हवी. कागदावर आपल्याकडे सगळं आहे. एक कॅमेरा आहे, तो ऑफिसातल्या कपाटाकडे बघतो आणि लाईट गेली की झोपतो. तक्रारपेटी आहे, तिची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही. सखी सावित्री समितीचा फलक भिंतीवर रंगवलाय, त्यावर माझ्या बायकोचं नाव आहे. परवा तिला विचारलं, "बैठक कधी झाली होती गं?" ती म्हणाली, "कसली बैठक?"

हसू नका. व्यवस्थापन समितीच्या रजिस्टरवर माझ्याही सह्या आहेत. दोन-तीन बैठकांच्या सह्या एकाच दिवशी, एकाच पेनाने, चहा पिता पिता केल्यात. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांना दिल्या आणि त्या आम्ही सह्या करण्यात घालवल्या. यात गुरुजींना एकट्याला धरू नका. दोन शिक्षक, चार वर्ग, वरून रोज ऑनलाइन माहिती भरायची. त्यांनी बैठक बोलावली नाही हे खरं, पण आम्हीही कधी मागितली नाही.

आता काही जण म्हणतील, खोट्या संशयाने एखाद्या गरीब माणसाचं आयुष्य बरबाद होतं. बरोबर आहे, होतं. म्हणूनच नोंदवही पाहिजे. जिथे नोंद असते तिथे उत्तर मिळतं, जिथे नसते तिथे कुजबुज वाढते. त्या ठेकेदाराच्या माणसाबद्दल तीन आठवडे गावात काय काय बोललं गेलं ते त्याने ऐकलं असतं तर त्यानेच वही विकत आणून दिली असती.

आणि परक्या माणसाचीच भीती धरून बसू नका. एनसीआरबीचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. मुलांवरच्या अत्याचाराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणजे काका, मामा, शेजारी, गाडीवाला, शिकवणारा. "आपलाच माणूस आहे" हे वाक्य म्हणजे हमी नव्हे.

कायदाही नीट समजून घ्या. पोक्सो कायदा २०१२ चा. अत्याचार झाल्याचं माहीत असताना किंवा होण्याची भीती असताना पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. दडवलं तर शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर जास्त. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. "गावातलं गावात मिटवू" याला कायद्यात जागाच नाही.

वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करायची चर्चा २०२३ पासून चालू आहे. शाळा जाईल ही भीती मलाही आहे, मी याच शाळेत शिकलोय. पण आई-बापाला विश्वास वाटला तरच पोर शाळेत राहतं, आणि विचारल्यावर उत्तर मिळालं तरच विश्वास वाटतो.

म्हणून येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता समितीची बैठक मागितली आहे. माझ्या मागण्या अशा: दारात नोंदवही, शाळेच्या वेळेत बाहेरचा कुणीही नोंद केल्याशिवाय आत नाही. मुलींच्या शौचालयाला आतून कडी, ती जून महिन्यापासून तुटलेली आहे. तक्रारपेटी दर आठवड्याला दोन आया आणि पोलीस पाटलांच्या समोर उघडायची. १०९८ हा नंबर पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवायचा, साहेबांच्या उंचीवर नाही. सखी सावित्रीची बैठक दर महिन्याला, आणि सही बैठक झाल्यावरच. कडी आणि वहीचा खर्च हजाराच्या आत आहे, तो मी देतो.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. ज्या ग्रुपवर ताईंना गप्प केलं त्याच ग्रुपवर माफी मागायची. माझी मी आज मागितली आहे. ज्या अकरा जणांनी अंगठे दिले त्यांची नावं मला माहीत आहेत, पण मी लिहिणार नाही. त्यांनी शनिवारी यावं.