मिश्रीची डबी आणि हिरड्यांचे आरोग्य

दात ठणकू लागला की माणूस रात्र जागून काढतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीचे तसे नाही. ती वर्षानुवर्षे सुजलेली असते, घासताना तिच्यातून रक्त येते, पण ती सहसा दुखत नाही आणि म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. दाताला धरून ठेवणारे हाड आतल्या आत झिजून दात हलू लागला, की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक वयाबरोबर दात पडलेच पाहिजेत, असा शरीराचा कोणताही नियम नाही. जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. मधुमेहाचा आणि या आजाराचा संबंध तर दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. घरोघरी मधुमेही असलेल्या आपल्या मध्यमवर्गाने एवढी एक गोष्ट तरी ध्यानात घ्यावी.

आजाराचे मूळ अगदी साधे आहे. दात आणि हिरडी जेथे मिळतात, त्या रेषेवर जंतूंचा मऊ, चिकट थर साचत असतो. १९६५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करावयास सांगितले. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू होताच आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. आपल्याकडे मात्र रक्त दिसले की लोक घाबरून त्या बाजूला ब्रश लावणेच सोडतात. थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढते. रक्त येते तेथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण नेमाने घासले पाहिजे. दोन आठवड्यांतही ते थांबले नाही, तर दंतवैद्याकडे जावे. थर कडक होऊन त्याचे कीटण झाले, की ते ब्रशने निघत नाही. ‘दात साफ करून घेतले की ते हलतात’ हा समज तर घराघरांत ठाण मांडून बसला आहे! दात आधीच सैल झालेले असतात. कीटणाच्या आधाराने ते उभे असल्याचा भास होतो, इतकेच.

या विषयात आपले पूर्वसूरी बेफिकीर नव्हते. हिरडीतून विनाकारण रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी, हिरडी मऊ पडून झिजणे या लक्षणांचा ‘शीताद’ नावाचा विकार सुश्रुतांनी दंतमूलाच्या रोगांत सांगितला आहे. दिवसातून दोन वेळा, टोक चावून मऊ केलेल्या काडीने, हिरड्यांना इजा होऊ न देता दात स्वच्छ करावेत, अशी चरकांची सूचना आहे. दोन वेळा आणि इजा न करता, या दोन्ही अटी आज कोणताही दंतवैद्य सांगेल. आपण मात्र त्यातील नेमकी रात्रीची वेळ सोडून दिली, आणि राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी खसाखसा घासण्यालाच परंपरा समजू लागलो. अशा खरखरीत पुडीने हिरडी मागे सरकते, मुळे उघडी पडतात आणि मग थंड पाणीही झोंबू लागते.

परंपरेच्या नावाखाली शिरलेली सर्वांत घातक वस्तू म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. खेड्यांतील आणि शहरांतील वस्त्यांमधील असंख्य आया-बहिणी हे ‘दात घासणे’च समजतात. वास्तविक तंबाखू या भूमीतील नव्हेच. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर येथे आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा तेथे तिचे अप्रूप वाटले होते. चरक-सुश्रुतांना जिचे नावही ठाऊक नव्हते, त्या वस्तूला आजीचा बटवा म्हणून मिरवण्यात कसला आला अभिमान?

मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, असे सांगितले जाते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी दिसते. म्हणजे आजार आत चालूच राहतो, फक्त त्याची खूण दिसेनाशी होते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. मुंबईतील १२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखू, आणि त्यात बहुतेक मिश्रीच, वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली. हिरडीवर चोळलेली पूड पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते, याहून अधिक काय सांगावे?

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती योग्य ठरविली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोहोचणार? तेथे माणसानेच पोहोचावे लागते. सेवावस्तीत आरोग्य शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून थांबू नये, तोंडही उघडून पाहावे. मात्र उपदेशाचा सूर लावू नये. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ असे एखादी मावशी म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते आणि शरीराला त्याची सवय जडते. सोडताना काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, पोट जड राहते. हे आधीच सांगितले, तर ती चौथ्या दिवशी पुन्हा डबीकडे वळणार नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो घरच्या मुलांकडून लावून घ्यावा. आणि डबी हातातून काढून घेताना त्या जागी काही द्यायला हवे. एक मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट एवढे पुरे.

ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका टेकवून, बारीक हालचालींनी, दोन मिनिटे फिरवावा. केस वाकडे झाले की, नाहीतर तीन महिन्यांनी, तो बदलावा. दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही, तेथे दोरा किंवा फटींसाठीचा छोटा ब्रश वापरावा, टाचणी मुळीच नको. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची जुनी सवय कागदी रुमालाने ओठ टिपणाऱ्या पिढीने परत उचलावी, पण चुळीने थर निघत नाही हेही लक्षात ठेवावे. बाळंतिणीने दात घासू नयेत, असे अजूनही काही घरांत मानतात. गर्भारपणात तर हिरड्या एरवीपेक्षा लवकर सुजतात, तेव्हा त्या काळात ब्रश काढून घेणे हा तिच्यावर अन्यायच होय. घरातील वडीलधाऱ्या बायकांनीच तो तिच्या हाती द्यावा.