जळगाव पास, भुसावळ नापास

शनिवार आहे, चहा झालाय, तेव्हा आज जरा भांडून घेतो.

मंडळी, आपण जळगाव-धुळ्याची पोरं पुण्यात बसून सी मध्ये बफरचा कोड लिहितो आणि त्याच्या युनिट टेस्टमध्ये नावं कोणाची घालतो? जॉन आणि स्मिथ! कोणाला फारच मायभूमी आठवली तर "जळगाव". आणि नेमकं तेच सगळ्यात फसवं आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट खातो. मात्रासुद्धा. म्हणजे जळगाव १५ बाइट, वर शेवटचा शून्य, झाले १६. गावाच्या नावाला १६ बाइट ठेवले असतील तर काठोकाठ बसतं. धुळे १३, आरामात. टेस्ट हिरवी, आपण घरी. भुसावळला मात्र १९ लागतात.

पुढची गंमत बघा. खेडा खरेदीतल्या कापसाच्या काट्याचं उदाहरण घेऊ. एका स्ट्रक्टमध्ये आधी गावाचे १६ बाइट, लगेच मागे ३२ बिटांचं वजन, ग्रॅममध्ये. वजन आधी भरलं, मग हाताने लिहिलेल्या लूपने नाव कॉपी केलं, लांबी न तपासता. 'ळ' चे बाइट हेक्समध्ये ई०, ए४, बी३. त्यातला पहिला नावात बसतो, उरलेले दोन आणि शून्य वजनावर सांडतात. नेहमीच्या लिटल-एंडियन मशीनवर वजन होतं ४५९८८. म्हणजे ४५ किलो ९८८ ग्रॅम! गाठोडं २० किलोचं असो की ६० चं, भुसावळच्या प्रत्येक माणसाला तेच. अमळनेरकरांना ४५ किलो २२० ग्रॅम. आकडा इतका शहाण्यासारखा दिसतो की पावती बघून कोणाला शंकाही येणार नाही. पैसे मात्र कोणाचे तरी गेले.

यावर सीनियर मंडळींची ठरलेली उत्तरं असतात. "क्रॅश होईल ना, कळेलच." नाही होणार. मेमरी तुमच्याच स्ट्रक्टची आहे, ऑपरेटिंग सिस्टिमला काय पडलंय? "अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आहे की." उत्तम साधन आहे, जरूर वापरा. पण एकाच स्ट्रक्टमध्ये एका फील्डमधून दुसऱ्यात सांडलेलं तो एरवी पकडत नाही.

आणि माझं सगळ्यात नावडतं उत्तर, "आमचा बोर्ड एकच आहे भाऊ, पोर्टेबल टेस्ट कशाला?" अहो, बोर्ड एक असेल, पण टेस्ट तुम्ही लॅपटॉपवर चालवता ना? मग दोन मशीन झालीच की! लॅपटॉपच्या इंटेलवर जीसीसीचा साधा चार चिन्हासकट असतो, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना. "हा बाइट ई० आहे का" ही तुलना बोर्डवर खरी ठरते. लॅपटॉपवर तोच बाइट उणे ३२ होतो आणि तुलना कधीच खरी ठरत नाही. जॉन-स्मिथचे सगळे बाइट १२८ च्या खाली, त्यांना हा आजार होतच नाही. उपाय साधा, बाइट हाताळताना अनसाइन्ड चार लिहा.

मग टेस्ट कशी हवी? मशीनच्या मेहेरबानीवर नसलेली. एक मोठा अ‍ॅरे घ्या, पूर्ण आपल्या मालकीचा. तो एका ठरावीक बाइटने भरा, मधला तुकडा आणि त्याची लांबी फंक्शनला द्या, नंतर दोन्ही बाजूंचं कुंपण शाबूत आहे का बघा. लांबी ० पासून ४० पर्यंत फिरवा. "वजन ४५९८८ झालं का" असलं काही तपासू नका. बिग-एंडियनवर तोच आकडा ऋण होतो. शेजारचं बदललं का, एवढंच विचारा.

कुंपणाला पुष्कळ जण सवयीने ए५ हा बाइट वापरतात. आपल्याकडे तो चालत नाही! देवनागरीचा मधला बाइट ए४ किंवा ए५ असतो, 'धुळे' मध्येच दोनदा ए५ येतो. एक बाइट सांडला आणि तो नेमका ए५ निघाला तर कुंपण शाबूतच दिसणार. एफएफ वापरा, यूटीएफ-८ मध्ये तो कधीच येत नाही. पण कोड चुकून एफएफच लिहीत असेल तर? म्हणून तीच टेस्ट दुसऱ्या एखाद्या बाइटने परत एकदा.

बरं, लांबी तपासून नाव कापलं की झालं, असंही नाही. १६ बाइटमध्ये मुक्ताईनगरचं होतं "मुक्त" आणि चाळीसगावचं होतं नुसतं "चाळीस". कुंपण शाबूत, अक्षरही तुटलेलं नाही, टेस्ट हिरवी, आणि पावतीवर गावाच्या जागी चाळीस. म्हणून माझा आग्रह आहे की फंक्शनने गुपचूप कापू नये, "बसलं नाही" असं परत सांगावं. आणि टेस्टने ते उत्तर चाळीसगाव घालूनच तपासावं.