भिंतीवरचा घोडेस्वार

दोन वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडच्या दोन खोल्यांतून बाणेरच्या टू बीएचकेमध्ये राहायला आलो. आई, बाबा, बायको आणि मी. फर्निचर झालं, पडदे झाले, हप्ते सुरू झाले, आणि हॉलमधली एक मोठी भिंत रिकामी राहिली. ती भिंत माझी, असं मी जाहीर करून टाकलं. आमच्या जमातीच्या माणसाला एकदा मॉड्यूल वाटून मिळालं की तो त्याला कुणाला हात लावू देत नाही, तसंच काहीसं.

पहिला प्रयत्न प्रवासातल्या आठवणींचा. दोनदा ऑनसाइट जाऊन आल्यामुळे माल भरपूर होता. बोटभर आयफेल टॉवर, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, लाकडी बूट, आणि मॅग्नेट तर विचारूच नका. सगळं फळीवर मांडलं आणि लांबून पाहिलं, तर विमानतळावरच्या दुकानाची शाखा उघडल्यासारखं दिसत होतं. त्यातल्या बऱ्याच वस्तूंच्या बुडाशी 'मेड इन चायना' लिहिलेलं होतं. ते एक वेळ चाललं असतं. पण बाबांनी "हे कुठलं?" म्हणून विचारलं तेव्हा मला गावाच्या नावापलीकडे काही सांगता येईना. विमान सुटायच्या आधी दहा मिनिटांत घेतलेल्या वस्तूची गोष्ट ती काय असणार?

आमच्या जुन्या घरात शोकेस होती. तुमच्याही घरी असेल. काचेची सरकती दारं, आत बाबांच्या एलटीसीचा इतिहास. आत दिवा लागणारा आग्र्याचा ताजमहाल, कन्याकुमारीच्या शंखावर कोरलेलं माझं नाव (शुद्धलेखनाच्या चुकीसकट), म्हैसूरचा चंदनाचा हत्ती, जो वर्षभरात वासाला साधं लाकूड झाला. सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळांची परडी तर मी लहानपणी खेळून खेळून कुरतडलेली. कॉलेजात असताना मला त्या शोकेसची लाज वाटायची. आता वाटतं, ती सजावट आमच्या नव्या पद्धतीच्या भिंतींपेक्षा फार बरी होती. हत्तीचं नाव काढलं की आई आजही वृंदावन गार्डनमध्ये बाबांचं पाकीट हरवल्यापासून सुरुवात करते. रंगसंगती वगैरे शून्य, पण घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक वस्तूबद्दल पाच मिनिटं बोलता यायचं.

याच विचाराने मागच्या डिसेंबरात बिदरला गेलो होतो, तिथून एक बिदरीची सुरई आणली. दुकानातून घेऊन निघालो असतो तर तिचाही आयफेल टॉवर झाला असता. पण कारागिराने बसवून घेतलं, सगळं दाखवलं. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं भांडं, त्यावर छिन्नीने कोरलेली नक्षी, त्या खाचांत ठोकून बसवलेली चांदीची तार. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागर घालून पाण्यात उकळायची आणि तिने भांडं चोळायचं. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच पांढरी. घरी हे सगळं सांगत होतो, तर 'नवसागर' म्हटल्याबरोबर आई थांबली. "म्हणजे कल्हईवाल्याचा वास!" म्हणाली. आणि मग तिच्या माहेरच्या अंगणातला भाता, तापलेल्या पातेल्यात फिरणारा कापसाचा बोळा आणि क्षणात चमकणारं कथील. ही सगळी हकीकत मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. तेवढ्यासाठी सुरईचे पैसे वसूल.

असो. तर आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रयत्नाकडे येतो. विंटेज.

मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार (पुण्यात हे असंच असतं) पुणेकरांना सांगायला नको. गंजलेले पाने, मोबाइलचे चार्जर, नाणी, बंद पडलेले रेडिओ, ग्रामोफोनचे कर्णे, पितळी भांडी, सगळं जमिनीवर पसरलेलं. मी रविवार सकाळ तिथे घालवायला लागलो. पहिल्यांदा आणलं ते तांब्याचं घंगाळ. हॉलच्या कोपऱ्यात ठेवून त्यात वाळलेली फुलं खोचायचा बेत होता. आईने घंगाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आपलं मोडीत घातलं तेव्हा सुटले म्हटलं होतं मी. आता हे कोण घासणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला हवा होता तो तांब्याचा रंग, आणि तो रंग आणायला दर पंधरा दिवसांनी चिंच-मीठ लावून घासत बसावं लागतं. मी ज्याला 'कॅरॅक्टर' म्हणत होतो ते तिच्या लेखी मनगटाचं दुखणं होतं. माझं स्पष्ट मत झालंय की घरात शोभेची वस्तू आणताना नकाराधिकार ती वस्तू पुसणाऱ्याकडे असावा. आमच्याकडे आता घंगाळ मी घासतो. चारदा घासलं, आता जरा काळंच बरं दिसतं असं वाटायला लागलंय.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी तो घोडेस्वार मिळाला. तळहाताएवढा पितळी पत्रा, त्यावर ठशाने उठवलेला घोडा, वर तलवार उगारलेला माणूस. नाक-डोळे झिजून गुळगुळीत झालेले. विक्रेता सहाशे म्हणाला, साडेतीनशेला सौदा केला. घरी येऊन काळ्या मखमलीवर बसवून फ्रेम करून घेतला आणि भिंतीच्या मधोमध लावला. मित्र आले, त्यांनी फोटो काढले, कुठे मिळाला म्हणून पत्ता विचारला. मी दोन दिवस हवेत.

आई गावाहून परत आली आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "हा टाक कुणाचा आणलास?"

मला टाक माहीत होते हो. आमच्याच देव्हाऱ्यात पाच आहेत. पण ते लहान, चांदीचे, ताम्हनात तांदळावर ठेवलेले. मखमलीवर, फ्रेममध्ये, स्पॉटलाइटखाली टाक असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. खंडोबा असेल, किंवा कुणाच्या घरातला लढाईत पडलेला वीर. तो झिजला होता तो हातांनी. कुणाच्या तरी घरातल्या पिढ्यान् पिढ्यांनी त्याला अंघोळ घातली होती, गंध लावलं होतं, पुसलं होतं. मी त्यालाच 'पॅटिना' म्हणून मित्रांना दाखवत होतो.

मी थोडा वाद घातला. म्हटलं, शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात तरी दुसरं काय आहे? दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून लोकांच्या घरातलेच दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या गोळा केल्या. पण बोलतानाच मला फरक कळत होता. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी ते संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. शिवाय तिथे वज्री ही टाच घासायची वज्री म्हणूनच मांडलेली असते. माझ्या भिंतीवर मात्र कुणाचा तरी कुळस्वामी सोफ्याच्या रंगाला मॅच होणारा घोडेस्वार झाला होता. जुन्या बाजारात चौकटीतले जुने फोटोही मिळतात, पगडीवाले, नऊवारीवाल्या. कॅफेवाले घेऊन जातात. आता ते बघताना मला वाटतं, ही कुणाची तरी आजी आहे आणि तिच्याखाली बसून लोक नाचोज खाताहेत. रेडिओ घ्या, कुलूप घ्या, घंगाळ घ्या (आणि घासा), पण लोकांचे देव आणि लोकांची माणसं आपल्या भिंतीसाठी विकत घेऊ नयेत, असं माझं आता पक्कं मत आहे.

फ्रेम उतरवली. मला वाटलं, आता आई त्याला देव्हाऱ्यात घेईल, प्रश्न मिटेल. ती म्हणाली, "तसा नाही घेता येत. दुसऱ्याचा देव घेतला की त्याचे कुळाचार आले. त्याचं काय काय असतं, आपल्याला काय माहीत?"

पुढच्या रविवारी टाक खिशात घालून पुन्हा बाजारात गेलो. विक्रेता तोच होता. कुठून आला विचारलं, तर म्हणाला, भांड्यांच्या लॉटमध्ये आला, किलोवर घेतला. लॉट कुठला? मोडवाल्याकडचा. मोडवाला कुठला? त्याने खांदे उडवले आणि विचारलं, "परत करायचाय का साहेब? दोनशे देतो."

नाही दिला. सध्या तो स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, एका वाटीत मूठभर तांदळावर आहे. भिंतीवर खिळा तसाच आहे.