जाहिरातीचे पान फाडू नका

गतशतकाच्या अखेरच्या दशकातील जपानी अ‍ॅनिमे-मासिके आज चाळावयास घेतली, म्हणजे मुलाखती व स्तुतिपर लेख यांपेक्षा ज्यांना आपण निव्वळ भरताड समजतो त्या जाहिरातींवरच दृष्टी अधिक काळ खिळते, आणि माझ्या मते ते रास्तच आहे. लेझरडिस्कच्या जाहिरातीत वेष्टनाचे चित्र, विक्रीची तारीख, येनमधील किंमत आणि पहिल्या आवृत्तीबरोबर मिळावयाच्या भेटवस्तूचा तपशील, असा सारा दाखला बारीक अक्षरांत असे. अर्ध्या तासाच्या एका भागासाठी हजारो येन मोजणारा ग्राहकच, दूरचित्रवाणीस वगळून थेट विक्रीकरिता काढलेल्या चित्रकृतींचा खरा पोशिंदा होता, हे त्या आकड्यांवाचून उमगत नाही.

लेखांत मात्र पैशाचा उच्चार क्वचितच! १९८५ साली निघालेले ‘न्यूटाइप’ हे अ‍ॅनिमे-मासिक कादोकावा या प्रकाशनसंस्थेचे. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसारित होऊ लागलेल्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ या अ‍ॅनिमे-मालिकेची चित्रकथा त्यापूर्वीच जेथे सुरू झाली होती, ते ‘शोनेन एस’ मासिकही कादोकावाचेच. अशा घरच्या कारभारात गुणग्रहण कोठे संपते आणि विक्री कोठे सुरू होते, हे ठरविणे मुश्कील. (आपल्याकडील दिवाळी अंकांच्या वाचकास हे नवलाचे वाटू नये.) जाहिरात निदान आपला हेतू लपवीत नाही. म्हणून ज्यांच्या संग्रही असे अंक असतील, त्यांनी रंगीत चित्रांपुरती कात्री चालवून उरलेला ऐवज रद्दीच्या हवाली करू नये, एवढीच विनंती.