भिशी फुटते तेव्हा

मैत्रिणींनो, नवरात्र उठलं की आपल्या कोल्हापुरात घरोघरी दोन विषय निघतात. एक फराळाचा आणि दुसरा भिशीचा. "तुमची कधी फुटणार?" असं आपण मंडईत भाजी घेता घेतासुद्धा एकमेकींना विचारतो. वर्षभर आठवड्याला शे-दोनशे भरायचे आणि दिवाळीच्या तोंडावर मुद्दल अधिक फायदा असे एकरकमी हातात घ्यायचे. बाहेरगावच्या वाचकांना आमची ही भिशी कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगते. जमलेले पैसे नुसते डब्यात पडून राहत नाहीत. अडीअडचणीला सभासदांना ते व्याजाने दिले जातात, आणि वर्षअखेर ते व्याज फायदा म्हणून सगळ्यांच्या वाट्याला येतं. आमच्या गल्लीच्या भिशीत आम्ही बावीस जणी, आणि वही माझ्याकडे. व्याज शेकडा तीन, म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. हा दर कुणी ठरवला? कुणीच नाही, पहिल्यापासून तोच आहे.

गेल्या दिवाळीला फायद्याच्या पैशांतून पितळी सोऱ्या घ्यायचा असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. जुन्याची चकती ढिली झालीय, चकली धड पडत नाही. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई (नाव सांगत नाही, आमच्या भागात पाच-सहा घरी तिचं काम आहे) भांडी पालथी घालता घालता म्हणाली,

"वैनी, दिवाळीचं पैसं औंदा आत्ताच द्याल काय? व्याज भरायचं ऱ्हायलंय."

"कसलं गं व्याज?"

"पोरीच्या नर्सिंगच्या फीला वीस हजार घेतल्यात न्हवं. म्हैन्याला दोन हजार देतो मी. अकरा म्हैनं झालं."

"आणि मुद्दल?"

"मुद्दल हाय की तसंच."

अकरा महिने दोन-दोन हजार म्हणजे बावीस हजार रुपये गेले, आणि वीस हजारांचं कर्ज जागच्या जागी! कुणाकडून घेतलेस म्हणून विचारलं, तर आमच्याच भिशीतल्या एका वहिनींचं नाव निघालं. ती गेल्यावर मी वही काढली. त्याच आठवड्यात त्या वहिनींनी स्वतःच्या नावावर वीस हजार उचललेले होते. भिशीतून शेकडा तीनने घ्यायचे आणि हिला शेकडा दहाने द्यायचे, असा सरळ व्यवहार. महिन्याच्या दोन हजारांतले चौदाशे त्यांना, सहाशे भिशीला. अकरा महिन्यांचे सहा हजार सहाशे. बावीस जणींत वाटले की प्रत्येकीला बरोबर तीनशे. माझ्या सोऱ्यात तिच्या घरचे तीनशे रुपये होते.

वहिनींना मी विचारलं. त्या संतापल्या, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही. "फीची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. रात्री नऊ वाजता ती माझ्या दारात उभी. तुम्ही दिले असते? बँकेनं दिले असते? मी कागद मागितला नाही, दागिना मागितला नाही. बुडाले असते तर भिशीत भरायचे मलाच होते ना?"

मैत्रिणींनो, इथंच तर खरी मेख आहे. गरीब माणूस सावकाराकडे जातो तो काही त्याला व्याज कळत नाही म्हणून नव्हे. सावकार रात्री दार उघडतो, चार माणसांत प्रश्न विचारत नाही, आणि पैसे लगेच हातावर ठेवतो, म्हणून जातो. बँकेत दहा-वीस हजारांच्या कर्जाला कागदपत्रं जवळजवळ लाखाच्या कर्जाइतकीच लागतात, त्यामुळे एवढ्याशा कामाचा तिथं उत्साह नसतो. त्यात जामीनदार आणा, उत्पन्नाचा दाखला आणा, आणि सकाळी अकराला या. धुण्याभांड्याच्या बाईला सकाळी अकराला कुठली फुरसत? ती तर तेव्हा आपल्याकडे भांडी घासत असते!

हा प्रश्न आजचा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जखती जाळल्या. त्यातून १८७९ चा कायदा आला. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पण पतपेढी झाली तरी तिचा सभासद बहुधा सातबारा असलेला पुरुष. जिच्या नावावर ना जमीन ना घर, ती बाई बाहेरच राहिली.

त्या बाईसाठी वाट काढली ती बायकांनीच. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवा. आपल्या घाटावरचे आणि कोकणातले कामगार त्यांच्याकडे जेवायचे. कामगारांचा पगार महिन्याने, पण पीठ-तांदूळ रोज हवा. मग वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, आणि मंगळसूत्र कायमचं गहाण. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. तारण म्हणाल तर एकमेकींचा शब्द, दुसरं काही नाही. एकीचा हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या तिच्या दारात जाणार, हे बँकेला सातबाऱ्याहून पक्कं वाटलं.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली. म्हसवडला लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला राहणारी एक बाई पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यायला थोडे थोडे पैसे साठवू बघत होती. एवढ्याशा पैशांचं खातं बँका उघडेनात. तेव्हा चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला, कारण सभासद बायका अंगठे उठवणाऱ्या. बायका घरी आल्या, सही करायला शिकल्या, आणि पुन्हा साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला लिहिता येत नसेल पण व्याज तोंडी काढता येतं, तुमच्या माणसांनी आमच्याबरोबर काढून दाखवावं, असं त्यांनी साहेबांनाच सुनावलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ही बँक बाजारात, दारात जाऊन पैसे गोळा करते, कारण तिच्या खातेदारांना दुकान टाकून बँकेत यायला वेळ नसतो.

तोंडी व्याज काढायचं म्हटलं तर आपण शिकलेल्या बायकाच कच्च्या, बरं का! "शेकडा दहा" ऐकायला दहा टक्क्यांसारखं वाटतं. ते वर्षाला एकशेवीस टक्के असतं. मंडईतली भाजीवाली पहाटे नऊशे घेते आणि संध्याकाळी हजार परत करते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी नऊशे रुपये वापरायचे अडीच हजार झाले. रोजच्या वसुलीचं कर्ज आणखी फसवं. दहा हजार लिहायचे, हजार आधीच कापून नऊ हजार द्यायचे, आणि शंभर दिवस रोज शंभर घ्यायचे. "हजारच तर व्याज," असं वाटतं. पण रोज मुद्दल फिटत असतं, हे ध्यानात घेतलं तर वर्षाचा दर पाऊणशे टक्क्यांच्या वर जातो.

चकचकीत दुकानांतून हप्त्यावर वस्तू घेतानाही हेच बघा. बारा हजार, वर्षाची मुदत, "फक्त बारा टक्के", हप्ता अकराशेवीस. इथं व्याज शेवटपर्यंत पूर्ण बारा हजारांवर धरलेलं आहे, फिटत चाललेल्या शिलकीवर नाही. खरा दर एकवीस-बावीस टक्के पडतो. म्हणून विचारायचं ते असं: वर्षाला किती? आणि घटत्या शिलकीवर का पूर्ण रकमेवर?

कायदाही थोडा माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१४ पासून नवा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना व्याजबट्ट्याचा धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि जुन्या दामदुपटीच्या न्यायाने व्याज मुदलाहून अधिक घेता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करायची. आमच्या बाईनं तर मुदलाहून जास्त व्याज केव्हाच भरलं होतं.

गटानं कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्यांचंही सांगायला हवं. त्या घरी येऊन देतात, सावकारापेक्षा स्वस्तही पडतात, पण एकीकडचा हप्ता भरायला दुसरीकडचं कर्ज असं सुरू झालं की बाई बुडालीच. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याच जिल्ह्यातल्या बायका या हप्त्यांपायी मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यानंतर, २०२२ पासून, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर असं कर्ज बिनतारणी. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कुणी दारात यायचं नाही. आणि मोबाईलवर दोन मिनिटांत मिळणारं कर्ज? फोनमधले सगळे नंबर मागणाऱ्याला हातच लावू नका, एवढंच सांगते.

तुम्ही म्हणाल, आपण काय करणार? मी जे केलं ते सांगते. त्यात काही मोठेपणा नाही. बाईबरोबर मी बँकेत गेले. तिचं जन-धनचं खातं होतं, पण फॉर्म भरताना कुणी खेकसेल या भीतीनं ती दोन वर्षं तिकडं फिरकली नव्हती. साहेब माझ्याशीच बोलत होते, तिच्याशी नाही. दोनदा सांगावं लागलं की खातं यांचं आहे. तिच्या गल्लीत बायकांचा बचत गट आहे हेही तेव्हाच कळलं. असे गट १९९२ पासून बँकांना जोडले जाताहेत. नियमित बैठक, बचत आणि हिशेब नीट असला तर बँक गटाला कर्ज देते. ती आता त्या गटात आहे. तुमच्या ओळखीची कुणी हातगाडीवर भाजी-फळं विकत असेल तर तिला स्वनिधी योजनेबद्दल सांगा. २०२० ला निघाली, आता २०३० पर्यंत चालू राहणार आहे, आणि पहिलं कर्ज पंधरा हजारांपर्यंत मिळतं. अर्ज महापालिकेत. फॉर्म भरून द्यायला अर्धा तास लागतो, तेवढा आपल्यातल्या कुणालाही काढता येईल.

भिशीची बैठक मात्र गाजली. व्याज शेकडा एक करावं, पैसे फक्त सभासदानं स्वतःसाठी घ्यावेत, आणि बाईला सभासद करून घ्यावं, असं मी मांडलं. "मग फायदा काय राहिला?" असं पाच-सहा जणी म्हणाल्या. "ती भरेल कशावरून?" असंही एकीनं विचारलं. अकरा महिने एक तारीख न चुकवता दोन हजार भरणारी बाई आमच्या बावीस जणींत दुसरी कुणी होती का, असं मी विचारलं, तेव्हा जरा शांतता झाली. ठराव झाला, तीन जणी सोडून गेल्या. त्या वहिनींना दामदुपटीचं दाखवलं तेव्हा कायद्यानं त्यांना व्याजाचा आणखी एक पैसाही मागता येत नव्हता, पण बाईच म्हणाली, "नको वैनी, रातच्याला त्यांनीच दिलं हुतं." दहा हजारांवर मिटलं. ते तिनं भिशीतून शेकडा एकने घेतले; पहिल्या महिन्याचं व्याज शंभर रुपये.

वहिनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याकडे आल्या नाहीत. मी वाण त्यांच्या घरी पाठवलं, ते त्यांनी ठेवून घेतलं. सोऱ्या अजून जुनाच आहे, चकतीखाली कापडाची घडी घालून चकल्या पाडते.